संध्याकाळच्या तीन गोळ्या

पेशंट आत येतो, खुर्चीत बसतो आणि त्याच्या पाठीमागे उभा असलेला मुलगा किंवा जावई ओठांवर बोट ठेवतो. मग नकारार्थी मान हलवतो. मग हात जोडतो. केमोथेरपीच्या वॉर्डात मी अठ्ठावीस वर्षं नर्स होते आणि हे मूकनाट्य मी जवळपास रोज पाहिलं. अर्थ एकच, ‘ह्यांना काही माहीत नाही, सांगू नका.’ समोरचा माणूस कधी कधी निवृत्त हेडमास्तर असायचा, दारावरची पाटी त्याने वाचलेली असायची, शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या डोक्यावर एकही केस नाही हेही त्याला दिसत असायचं. तरी नाटक चालायचं. त्यात मीही काम करायचे, आणि बरं करायचे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी माझ्या हातांचं कौतुक केलं. सिस्टरना कुणाचीही शीर पहिल्या फटक्यात सापडते, वगैरे. खरंच सापडायची, त्यात खोटा विनय कशाला? माझ्या तोंडाबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. संपादकांनी फोन करून ‘वॉर्डातल्या गमतीजमती लिहा’ म्हटलं तेव्हा मी हो म्हणाले, पण लिहायला बसले तेव्हा एकच गोष्ट डोळ्यांपुढून हलेना. ती गमतीची नाही. मी त्यातून अजून सावरलेले नाही, त्यामुळे वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. आतड्याचा कॅन्सर बऱ्याचदा उशिरा कळतो. मूळव्याध असेल, उष्णता असेल, असं म्हणत माणूस वर्ष काढतो आणि येतो तेव्हा गाठीची पिल्लं लिव्हरवर जाऊन बसलेली असतात. मग नुसत्या ऑपरेशनने भागत नाही, औषधांवर मदार ठेवावी लागते. त्यात बहुतेकांचा आजार मुळासकट जात नाही, पण थोपवून धरता येतो. काहींचा महिने, काहींचा वर्षं. औषध द्यायच्या तऱ्हा दोन-तीन आहेत. एकात कमरेला छोटी बाटली लावून दोन दिवस ती थेंब थेंब अंगात जाऊ द्यायची. दुसरीत तीन आठवड्यांतून एकदा आमच्याकडे सलाईन घ्यायचं आणि घरी चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या खायच्या, मग सात दिवस सुट्टी. गाठीचा तुकडा तपासून कुणाला त्याच्या जोडीला नेमकं एखादं इंजेक्शन लागू पडतं, कुणाला पडत नाही. अगदी मोजक्या लोकांना अंगातली प्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधं चालतात. पहिलं औषध थकलं की दुसरं लावतात, त्याला आम्ही ‘लाईन बदलणं’ म्हणतो. लाईनी काही अमर्याद नसतात. म्हणून हातातलं औषध चालत असेल तर डॉक्टर ते सहसा सोडत नाहीत.

औषधांचे त्रास असतात, पण पेशंट त्यावरही विनोद करतात. सलाईनमधल्या एका औषधाने गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात. इगतपुरीचे एक रेल्वेतले गृहस्थ भर श्रावणात हातमोजे घालून यायचे आणि म्हणायचे, ‘‘सिस्टर, आमच्या गावात नळालासुद्धा करंट आलाय.’’ नाशिक रोडचे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका सलाईनचे थेंब मोजायचे आणि एका मिनिटात दोन कमी पडले की बेल वाजवायचे. गोळ्यांचा त्रास वेगळा. जुलाब होतात, तोंड येतं आणि तळहात-तळपाय लाल होऊन त्यांची सालं निघतात. बोटांवरच्या रेषाच पुसल्या जातात. तळवे पाहिले की गोळ्या पोटात जातायत की उशीखाली, हे मला पेशंटने तोंड उघडायच्या आत कळायचं. तसा मला गर्व होता.

आता नानांचं सांगते. नाना म्हणजे नाशिकजवळच्या मुंगसऱ्याकडचे फुलं पिकवणारे शेतकरी. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. साठी ओलांडलेली, उंच, काटक, आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कळावं नाना आले. आतड्याची गाठ काढली होती, पण लिव्हरवर डाग होते. त्यांचा मुलगा प्रकाश टेम्पोतून फुलं बाजारात पोचवायचा. पहिल्याच दिवशी त्याने वडिलांच्या पाठीमागून बोट ओठांवर ठेवलं. नानांना ‘आतड्याला सूज आहे’ एवढंच सांगितलं होतं. नानांची बायको यमुनाबाई लहानखुऱ्या, पाप्याचं पितर म्हणावं अशा. त्या बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि दर खेपेला माझ्यासाठी पानात बांधलेली शेवंती आणायच्या.

गोळ्या द्यायची वेळ आली तेव्हा प्रकाश मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, ‘‘सिस्टर, पाकिटावरचं नाव मोबाईलवर टाकलं की लगेच कॅन्सर येतंय. माझी पोरगी नववीला हाय. ती बघनार आणि घरभर करनार. काहीतरी करा.’’

मी केलं. औषध त्याच्या पाकिटातून काढायचं नसतं, हा नियम मी नव्या मुलींना ओरडून शिकवायचे. तोच नियम मी मोडला. व्हिटॅमिनची एक रिकामी बाटली शोधली, प्रकाशला पाकिटं फोडून गोळ्या तिच्यात भरायला सांगितल्या आणि वर माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवली : सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवणानंतर. मग नानांना म्हटलं, ‘‘नाना, ह्या ताकदीच्या गोळ्या. सलाईनने गळाठा येतो ना, तो भरून निघेल.’’

‘‘ताकदीच्या हायेत व्हय?’’ नानांनी बाटली हलवून पाहिली. ‘‘मग चांगलं झालं.’’

जाताना मी यमुनाबाईंनाही बजावलं, ‘‘मावशी, काय वाटेल ते होवो, गोळ्यांचा एक दिवस चुकता कामा नये. ही तुमची जबाबदारी.’’ त्यांनी मान डोलावली.

पहिल्या फेरीनंतर नानांचे तळवे थोडे लालसर दिसले. मला बरं वाटलं, औषध लागू पडतंय. दुसऱ्या फेरीनंतर आले तर हात एकदम स्वच्छ. बाटली रिकामी, एक गोळी शिल्लक नाही, तोंड आलेलं नाही, जुलाब नाहीत. मी त्यांना वॉर्डात उदाहरण म्हणून मिरवलं. ‘‘बघा, हे नाना. चौदा दिवस नेमाने गोळ्या खातात आणि तक्रार नाही. नाहीतर तुम्ही!’’ नाना खूश होऊन मिशीवरून हात फिरवायचे. आज ते आठवलं की माझ्या कानशिलात कुणीतरी मारावी असं वाटतं.

तिसऱ्या फेरीला यमुनाबाईंनी शेवंती हातात देताना हसत हसत सांगितलं, ‘‘सिस्टर, रेशनच्या मशीनवर माझा अंगठाच उठंना. चारदा पुसून ठिवला. दुकानदार म्हने, मावशी, तुमी हायेत का नाय?’’

मी त्यांचा हात हातात घेतला. तळवा लाल होता, चकचकीत, बोटांच्या टोकांची सालं निघालेली. ‘‘हे काय मावशी?’’ म्हटलं.

‘‘शेवंतीवर औषध मारलं ना, त्याचं असंल.’’

मी म्हटलं, हातमोजे घालत जा, रात्री व्हॅसलीन लावा. आणि आत निघून गेले. हेच तळवे पेशंटचे असते तर दोन मिनिटांत डॉक्टरांच्या टेबलापर्यंत मी धावत गेले असते. पण यमुनाबाई खुर्चीत बसत नव्हत्या, बाकावर बसत होत्या, आणि बाकावरच्या माणसाला औषधाचा त्रास कसा असेल? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

चौथ्या फेरीनंतर नानांचा स्कॅन झाला. रिपोर्ट वाईट होता. लिव्हरवरचे डाग वाढले होते, एक नवा दिसत होता. आमचे डॉक्टर फिल्म बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘इतकं चांगलं सहन केलं आणि उपयोग शून्य. पहिली लाईन फेल गेली. मुलाला बोलवा, दुसरी सुरू करू.’’ प्रकाशला बोलवायला मी बाहेर आले, तर पाण्याच्या फिल्टरपाशी गर्दी. यमुनाबाई खाली पडल्या होत्या.

त्यांना उचलून स्ट्रेचरवर घेतलं. अंगात कढत ताप, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती इतकं अंगातलं पाणी गेलेलं. प्रकाश म्हणाला, चार दिवस जुलाब होतायत हे आज वाटेत कळलं, आधी कुणाला बोलली नाही. मी तोंड उघडायला लावलं. आतून सगळं सोललेलं. पायातली चप्पल काढली, तळपाय लालभडक, टाचेपाशी फोड. हे पाय मी ओळखत होते. हे तोंड, हे हात, सगळं माझ्या ओळखीचं होतं. माझ्या वॉर्डातला पेशंट होता हा, आणि तो पेशंट माझ्या यादीत नव्हता.

नाना खुर्चीत बसून होते, बायको पडल्याचं त्यांना अजून कळलं नव्हतं. मी जाऊन विचारलं, ‘‘नाना, मावशी काही गोळ्या खातात का?’’

‘‘खाती ना,’’ नाना म्हणाले. ‘‘माझ्यातल्याच. सकाळच्या माझ्या, संध्याकाळच्या तिच्या.’’

मी त्यांचे दोन्ही हात उलटे करून तळवे पाहिले. नानांना वाटलं मी रागावले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘आवो सिस्टर, माझ्यामागं पळून पळून ती निम्मी झाली. फुलं तोडायची, माझं पथ्य, हितल्या चकरा. ताकदीच्या गोळ्या एकट्यानं कशा खायच्या? आमच्यात जे काय येतं ते दोघात व्हतं. दुसऱ्यांदा बाटली भरली तवापासनं वाटून घेतो आमी. तिला नेमानं देतो, एक दिवस चुकला नाय.’’

मी डॉक्टरांच्या खोलीकडे पळाले. या वयात पळाले. ते नव्या औषधाचा कागद लिहीत होते. ‘‘सर, लाईन बदलू नका,’’ मी म्हटलं. ‘‘औषध फेल गेलं नाही. औषध त्यांनी निम्मंच घेतलं.’’

‘‘आणि निम्मं?’’

मी दाराबाहेरच्या स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पेन टेबलावर ठेवून धावत बाहेर आले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

यमुनाबाईंना अतिदक्षता विभागात हलवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, त्यात जंतुसंसर्ग. डॉक्टर म्हणाले, काही शरीरांना हे औषध पचवून बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं, आणि यांचं तसंच असावं. त्यात बाईचं वजन ते किती! आमच्याकडे या औषधाला उतारा नाही. सलाईन द्यायचं, अँटिबायोटिक द्यायचं, पेशी वाढवायची सुई द्यायची आणि वाट पाहायची. मी ड्युटी संपली तरी घरी गेले नाही. गेले असते तर काय करत बसणार होते?

प्रकाशवर मात्र मी तोंडसुख घेतलं. माझ्या जिभेला हाड नाही हे हॉस्पिटलभर माहीत आहे. जिन्यात गाठून म्हटलं, ‘‘बापापासून लपवलंत ते लपवलंत, निदान आईला सांगायचं होतं की ह्या गोळ्या कसल्या आहेत! तिला काय माहीत बिचारीला!’’

प्रकाश म्हणाला, ‘‘सिस्टर, आईला म्हाईत हाय. ऑपरेशनच्या दिवसापासनं. सगळ्यात आधी तिलाच सांगितलं व्हतं आमी.’’

मी जिन्याच्या पायरीवर बसले. असा धक्का मला माझ्या सख्ख्या माणसांच्या मरणानेही बसला नव्हता. चुकून विष खाणं वेगळं. ही बाई रोज संध्याकाळी काय खातेय ते जाणून खात होती.

आधीच सांगून टाकते, यमुनाबाई वाचल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला, पेशी हळूहळू वर यायला लागल्या. आजही त्या आहेत, शेवंती लावतात आणि रेशनच्या मशीनवर अंगठा उठतो. नानांना तेच औषध पुन्हा पूर्ण मापात सुरू झालं आणि डाग लहान झाले. वर्षभराहून जास्त त्यांनी आजार रोखून धरला, मग दुसरी लाईन लागली, मग घरीच वारले. ते वाया गेलेले महिने हातात असते तर आणखी किती मिळाला असता वेळ, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. त्यांनी पुढच्या पेशंटची फाईल ओढली आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पण ते सगळं पुढचं. सहाव्या दिवशी यमुनाबाईंना बोलता यायला लागलं तेव्हा मी त्यांच्यापाशी बसले होते. ओठ सुजलेले, घोट घोट पाणी पाजावं लागत होतं. मी विचारलं, ‘‘मावशी, का खाल्ल्यात?’’

‘‘मी नको म्हनलं व्हतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तर हे म्हनले, तू खात नाय तर मी बी खात नाय. बाटली उचलून फेकायला निघाले. आता काय सांगू त्यान्ला? खरं सांगितलं तर त्यान्ला कळतंय, आन् खोटं सांगायला काय सुचंना. तुमी म्हनलं व्हतं, काय बी होवो, गोळी चुकवू देऊ नका.’’ घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, ‘‘म्हनलं, निम्म्या तरी त्यांच्या पोटात जात्यात.’’

‘‘मला सांगायचं होतं. प्रकाशला सांगायचं होतं.’’

‘‘पोरगा त्यांच्या पाया पडला असता, मग कळलंच असतं की. तुमी तर कामात असता.’’ मग माझा हात धरून म्हणाल्या, ‘‘त्यान्ला सांगू नका, सिस्टर. हातपाय गाळतील.’’

बोलायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. बाटली मी शोधली होती, चिठ्ठी माझ्या अक्षरात होती, ‘ताकदीच्या’ हा शब्द माझा होता, आणि गोळी चुकवू नका हा हुकूमही माझाच. त्या बाईने माझं ऐकलं होतं, एवढाच तिचा दोष.

डॉक्टरांनी सांगितलं, आता लपवालपवी बंद. औषध पुन्हा सुरू करायचं तर नानांना ते काय आहे हे माहीत असलंच पाहिजे. प्रकाशने पुन्हा हात जोडले, ‘‘सिस्टर, बाबान्ला नका सांगू.’’ अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या जोडलेल्या हातांना ‘नाही’ म्हणाले. आणि सांगायचं काम मीच मागून घेतलं. घाण मी केली होती, ती दुसऱ्याने का काढावी?

नाना अतिदक्षता विभागाबाहेर बसले होते. सहा दिवसांत तो आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगितलं. आजार कॅन्सरचा आहे, आतड्याचा, लिव्हरवर गेलाय, औषधाने थोपवता येईल.

‘‘काईतरी वंगाळ हाय असं वाटलंच व्हतं,’’ नाना शांतपणे म्हणाले. ‘‘सुजेला कोन एवढ्या चकरा मारायला लावतं?’’

मला वाटलं, अवघड भाग संपला. मी म्हटलं, ‘‘नाना, अजून एक आहे. त्या गोळ्या ताकदीच्या नव्हत्या. मी खोटं बोलले. त्या कॅन्सरच्याच होत्या. मावशींना त्यांचाच त्रास झाला.’’

नानांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. मी तयार होते. पण त्यांनी फक्त विचारलं, ‘‘तिला म्हाईत व्हतं?’’

खोटं बोलायची सवय किती खोल असते पाहा. त्या क्षणीही ‘नाही’ माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी मान हलवली, हो म्हणून.

नानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे पाहिलं. आतून नर्स आली, मावशी नानांना बोलावतायत म्हणाली. नाना उठले नाहीत.

‘‘मला वाटायचं ती टाळती,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्याचं करती, सोताचं टाळती. म्हनून रोज संध्याकाळी मी तिच्यापुढं बसायचो. गोळी घेतली का म्हनायचो, आ कर. आन् ती आ करायची.’’